कार्ट मशीन घरी आणलंत? मग या चुका टाळा

परदेशातल्या लिलावातून रेडिओ स्टेशनचं जुनं कार्ट मशीन (डबीतली अखंड फिरणारी फीत वाजवणारं यंत्र, ती डबी म्हणजे कार्ट) मागवायचं, खोक्यातून काढायचं आणि त्याच संध्याकाळी जिंगल ऐकायची, अशी घाई झालेली मुलं अधूनमधून माझ्या परळच्या खोलीत येतात. मशीन काखेत, चेहरा उतरलेला. चुका त्याच त्या. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सगळ्यात मोठी चूक विजेची. डोंबिवलीचा एक मुलगा अमेरिकन मशीन घेऊन आला. "काका, मोटर गेलीय. बाई गाते ती बाप्यासारखी ऐकू येते." त्याने लॅमिंग्टन रोडवरून २३०चे ११५ व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर आणला होता, तोही चांगला. तरी आवाज जाड, म्हणून बेअरिंगला तेल सोडलं, फीत दाबून धरणारा रबरी पिंच रोलर सँडपेपरने घासला, शेवटी वेगाचा स्क्रू शोधत सगळं मशीन उघडलं. तो स्क्रू त्या मशीनला नव्हताच. मी ३० सेकंद लिहिलेलं एक कार्ट लावलं आणि घड्याळ धरलं. बरोबर ३६ सेकंद लागले. तिथेच उत्तर मिळालं.

ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. जुन्या मशीनची सिंक्रोनस मोटर विजेच्या आवर्तनांच्या तालावर फिरते. अमेरिकेत ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. त्यामुळे सेकंदाला साडेसात इंच सरकणारी फीत इथे सव्वासहा इंचच सरकते आणि आवाज सुमारे तीन अर्धसुरांनी (सेमीटोन) खाली येतो. शिवाय फितीच्या दुसऱ्या ट्रॅकवर मशीन थांबवायचा १००० हर्ट्झचा क्यू टोन असतो, तो ८३३वर घसरतो. मग मशीन कधी थांबतं, कधी नुसतं फिरत राहतं, आणि माणूस सर्किटला दोष देतो. त्याच मशीनवर रेकॉर्ड करून त्याच मशीनवर वाजवलं तर सगळं ठीक वाटतं, म्हणून ही चूक कित्येक महिने लपून राहते.

उपाय दोन. एक, ५० हर्ट्झसाठीचा जाड कॅपस्टन, म्हणजे फीत ओढणारा फिरता दांडा, आणि मोटरचा त्याला जुळणारा कपॅसिटर. कॅपस्टन लेथवर करून मिळतो, पण केसभर जरी वाकडा झाला तरी सूर डुलतो. मी दुसरा उपाय करतो: ६० हर्ट्झ देणारा शुद्ध साइन वेव्हचा कन्व्हर्टर. महाग पडतो, पण मशीनच्या अंगाला हात लावावा लागत नाही. डीसी सर्व्हो मोटर, म्हणजे आपला वेग स्वतःच सांभाळणारी मोटर, असलेल्या मशीनला हा त्रास नाही. म्हणून विकत घेण्याआधी मागची पट्टी वाचा. दोन मिनिटांचं काम आहे, पण तेवढाही धीर नसतो मुलांना.

दुसरी चूक माझ्या हातूनही झालेली आहे. कार्टमधली फीत तुटली, म्हणून चोरबाजारातून आणलेल्या स्पूलची पाव इंची फीत मी त्यात भरली. दिसायला तशीच होती. पहिल्या दहा-बारा फेऱ्या सुरळीत गेल्या, मग फीत आवळत गेली आणि अख्खा गुंडा जाम झाला. कार्टमध्ये फीत गुंड्याच्या पोटातून बाहेर निघते आणि बाहेरच्या कडेवर परत गुंडाळली जाते, म्हणजे प्रत्येक थर शेजारच्या थरावर सतत घसरत असतो. त्यासाठी तिच्या पाठीला ग्रॅफाइटचा लेप असतो. स्पूलच्या फितीला तो नसतो. लेपाची फीत मिळत नसेल तर कार्ट रिकामं ठेवा. आणि तो काळा लेप मळ समजून स्पिरिटने पुसू नका. एकाने अख्खं कार्ट तसं पुसून आणलं होतं, मला फार वाईट वाटलं.

फीत बोटाने उलटी ओढू नका. कार्टला रिवाइंड नाही.

एट-ट्रॅकचं कार्ट, म्हणजे गाण्यांची तशीच दिसणारी जुनी डबी, यात घालू नका. त्याचा रोलर कार्टच्या आत असतो, रेडिओच्या कार्टला मशीनचा रोलर खालच्या भोकातून वर येतो.

रेकॉर्ड करण्याआधी बल्क इरेझर, म्हणजे अख्खी फीत एकदम पुसणारा विजेचा चुंबक, फिरवा. बहुतेक मशीनना फीत पुसणारं इरेझ हेड नसतं. जुना क्यू टोन फितीवर राहिला की नवी जाहिरात मध्येच थांबते. इरेझर लांब धरून चालू करा, कार्टवर सावकाश गोल फिरवा, हातभर लांब न्या आणि मगच बंद करा. जवळच बंद केला तर फितीवर धप्प असा आवाज उमटतो. मनगटी घड्याळ आधी काढून ठेवा. फितीची दोन टोकं जिथे चिकटवलेली असतात तो जोडही आधी शोधा आणि तो हेडच्या पुढे गेल्यावरच रेकॉर्डिंग सुरू करा.

राहिली मुंबईची हवा. फीत हेडवर दाबणारे फोमचे तुकडे इथे चिकट काळा चिखल होतात. जुनं कार्ट न उघडता मशीनमध्ये घालणं म्हणजे तो चिखल हेडवर फासणं. मी प्रत्येक कार्ट आधी उघडतो, पॅड बदलतो, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतो. रबरी रोलरला मात्र साबणाचं कोमट पाणी, थिनर कधीच नाही. कार्टं लोखंडी कपाटात उभी ठेवतो आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत तळाला १५ वॅटचा पिवळा बल्ब चालू ठेवतो. गेल्या पावसाळ्यात एकाही फितीला बुरशी लागली नाही.