बार्बरा स्टॅनविक बघायची कशी

जुन्या हॉलिवूडमधली बार्बरा स्टॅनविक बघायचीय म्हटलं की बरेच जण थेट 'डबल इन्डेम्निटी' (१९४४) लावायला सांगतात. मी नाही सांगणार. सिनेमा जबरदस्तच आहे पण त्यात तिच्या डोक्यावर सोनेरी विग आहे, चेहरा तिने मुद्दाम थंड ठेवलाय, आणि ही बाई एरवी किती मोकळी, किती उबदार आहे हे आधी बघितलं नसेल तर त्या थंडपणाची खरी किंमत कळतच नाही.

सुरुवात 'द लेडी ईव्ह' (१९४१) ने करा. ती पत्त्यांत लोकांना लुबाडणारी, आणि हेन्री फोंडा सापांचा अभ्यास करणारा, श्रीमंत बापाचा भोळा मुलगा, दोघं एकाच जहाजावर. डायनिंग हॉलच्या सीनमध्ये ती छोट्या आरशात बघत बसलीय आणि बाकीच्या बायका त्याचं लक्ष वेधायला काय काय करतायत त्याची चक्क कॉमेंट्री करतेय, तो सीन दोनदा बघा. एकदा आवाजासकट आणि एकदा आवाज बंद करून, सबटायटल पण काढून. दुसऱ्या वेळी फक्त तिचे डोळे बघायचे, कारण ती बोलत असते त्यापेक्षा बघत असते तेव्हा जास्त काहीतरी चालू असतं. पुढे केबिनमध्ये ती त्याच्या केसांतून हात फिरवत बोलत राहते, तो शॉट मिनिटांमागून मिनिटं कटच होत नाही, आणि तुम्हाला पण श्वास सोडावासा वाटत नाही!

मग 'स्टेला डॅलस' (१९३७), पण घाईघाईत नको, निवांत रात्र असेल तेव्हा. पावसात खिडकीबाहेर उभी राहून ती लेकीचं लग्न बघते तो शेवट सगळ्यांना माहीत असतो, मला मात्र ट्रेनमधला सीन जास्त लागतो. बर्थवर पडल्या पडल्या तिला कळतं की लोक आपल्या कपड्यांना, वागण्याला हसतायत आणि त्यामुळे लेकीला खाली मान घालावी लागतेय, मग लेक बघायला येते तेव्हा ती झोपेचं सोंग घेते. मिटल्या डोळ्यांनी एवढं दाखवणारी दुसरी कोणी मला तरी आठवत नाही.

इथपर्यंत आलात की तिच्याबद्दल थोडं वाचा. जन्म १९०७, ब्रुकलिन, खरं नाव रुबी स्टीव्हन्स. चार वर्षांची असताना आई गेली, मग वडील पण सोडून गेले, मोठ्या बहिणीने आणि परक्या घरांनी वाढवलं आणि सोळाच्या आसपास ती नाचणाऱ्या मुलींमध्ये कामाला पण लागली. दिग्दर्शक फ्रँक काप्राला तिच्याबरोबर काम करताना लक्षात आलं की तिचा पहिला टेकच सगळ्यात खरा असतो, नंतर ती धार राहत नाही, म्हणून तो बाकीच्यांची तालीम तिच्याशिवाय घ्यायचा आणि एकाहून जास्त कॅमेरे लावून पहिलाच टेक पकडायचा.

आता 'डबल इन्डेम्निटी' लावा. खून होतो तेव्हा कॅमेरा खुनाकडे जातच नाही, गाडी चालवणाऱ्या तिच्या चेहऱ्यावरच थांबतो. तिथे पॉज करू नका प्लीज, एका दमात बघा.

'बेबी फेस' (१९३३) बघताना एक काळजी घ्या, त्याची सेन्सॉरने कापलेली कॉपी पण फिरते. न कापलेली २००४ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडली, तीच शोधा. 'बॉल ऑफ फायर' (१९४१) मूड गेलेला असेल त्या दिवसासाठी राखून ठेवा.

चार वेळा नॉमिनेशन होऊन तिला अभिनयाचं ऑस्कर एकदाही मिळालं नाही, याचा मला अजून राग येतो. १९८२ मध्ये मानद दिलं, त्या भाषणाचा व्हिडिओ सगळ्यात शेवटी बघा. विल्यम होल्डन नवखा नट असताना, १९३९ मध्ये 'गोल्डन बॉय' या सिनेमाच्या वेळी, स्टुडिओ त्याला काढायला निघाला होता आणि ही त्याच्या पाठीशी उभी राहिली. हिला ऑस्कर मिळावं असं त्याला फार वाटायचं, पण समारंभाच्या काही महिने आधी तो गेला होता. ती स्टेजवरून त्याच्याशीच बोलते. त्याआधी त्या दोघांचा 'गोल्डन बॉय' बघून ठेवा म्हणजे ती त्याला त्या नावाने हाक मारते तेव्हा ते तुमच्यापर्यंत पोचेल.