किडनीची धमनी अरुंद झाल्याची शंका आल्यास तपासणी कशी करावी

रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णाच्या किडनीच्या धमन्या तपासण्याचे कारण नाही. तिशीच्या आत किंवा पंचावन्ननंतर प्रथमच जोरदार रक्तदाब उद्भवला, लघवी वाढवणाऱ्या गोळीसह तीन औषधे पुऱ्या मात्रेत देऊनही तो आटोक्यात येईना, किंवा हृदयाचे ठोके जोमदार असूनही फुफ्फुसांत वारंवार एकाएकी पाणी भरू लागले, तर ही शंका घ्यावी. एनालाप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखे रक्तदाबाचे औषध सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन (किडनीचे काम दाखवणारी रक्ततपासणी) पुन्हा पाहावे. ते ३० टक्क्यांहून अधिक चढले, तर दोन्ही धमन्या, किंवा एकच किडनी असल्यास तिची धमनी, अरुंद असू शकते. रक्तपुरवठा घटलेली किडनी रेनिन हे द्रव्य रक्तात सोडून रक्तदाब चढवते, हे अमेरिकी संशोधक हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या धमनीला चाप लावून केलेल्या १९३४ च्या प्रयोगानंतर उलगडत गेले.

हाताने करायची तपासणी घाईत उरकू नये. दोन्ही दंडांवर आणि एका पायावर रक्तदाब मोजावा, मनगटांच्या नाड्या एकाच वेळी चाचपाव्यात. आपल्याकडे तरुण रुग्णांत, विशेषतः मुलींत, ताकायासू आजार (मोठ्या धमन्यांचा दाह) हे मोठे कारण असते आणि तो अनेकदा हरवलेल्या नाडीतूनच हाती लागतो. मग पंखा बंद करून, रुग्णाला उताणे निजवून, बेंबीच्या थोडे वर दोन्ही बाजूंना स्टेथोस्कोप टेकवावा. ठोक्यानंतरही रेंगाळणारी फुसफुस ऐकू आली तर ती मोलाची. मात्र ऐकू आली नाही म्हणून शंका सोडू नये.

पुढची पायरी डॉप्लर सोनोग्राफीची, म्हणजे रक्ताचा वेग मोजणाऱ्या सोनोग्राफीची. ती उपाशीपोटी करावी, कारण पोटातला वायू धमनी झाकतो. दोन किडन्यांच्या लांबीत दीड सेंटिमीटरहून अधिक फरक, किंवा धमनीत सेकंदाला २०० सेंटिमीटरच्या वर गेलेला रक्ताचा वेग, या खुणा पाहाव्यात. चित्र धूसर राहिले तर सीटी अँजिओग्राफी (रंगद्रव टोचून धमन्यांचे सीटी स्कॅन) करावी, पण तिचा रंगद्रव किडनीला सोसेल का, हे आधी तपासावे.

अरुंदपणा दिसला की लगेच स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी), हा हिशेब चुकीचा आहे. ९४७ रुग्णांच्या ‘कोरल’ अभ्यासात (२०१४) चरबीच्या थरांमुळे अरुंद झालेल्या धमनीत स्टेंट घालून, उत्तम औषधोपचारापेक्षा हृदयविकार वा किडनीच्या बिघाडाचा धोका घटला नाही. वारंवार फुफ्फुसांत पाणी भरणाऱ्या रुग्णाचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. तरुण स्त्रियांत धमनी मण्यांच्या माळेसारखी दिसली तर सहसा स्टेंटविना, धमनीत फुगा फुगवून ती रुंद करण्यानेच काम भागते. ताकायासूत मात्र आधी दाह शमवावा, मगच फुग्याकडे वळावे.