बंद खाणीच्या ढिगावरची धूप संगणकावर कशी मोजावी?

सिंधुदुर्गातील रेडी, कळणे यांसारख्या लोहखनिजाच्या पट्ट्यात खाणीचे काम थांबले तरी टाकाऊ मातीच्या ढिगांची धूप थांबत नाही. हेक्टरी किती टन माती वाहून जाईल, याचा अंदाज घेण्यासाठी बहुधा ‘रसल’ (RUSLE) हे धुपीचे समीकरण वापरतात. पावसाची धूपक्षमता (माती झिजवण्याची ताकद), मातीची धूपशीलता (माती किती सहज झिजते), उताराची लांबी व तीव्रता, आच्छादन आणि बांधबंदिस्ती यांचा तो साधा गुणाकार आहे. नकाशांवर काम करणाऱ्या क्यूजीआयएससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तो काही मिनिटांत होतो. वेळ जातो तो त्याआधीच्या तयारीत.

सर्वप्रथम उंचीचा नकाशा तपासावा. फुकट मिळणारी एसआरटीएमची (अवकाशयानातील रडारने घेतलेली) उंची फेब्रुवारी २००० मध्ये मोजलेली आहे, त्यामुळे त्यानंतर रचलेला ढीग तिच्यात नसतोच आणि त्या जागी जुना डोंगरउतार दिसतो. तिची चौकटही (नकाशाचा सर्वांत लहान चौकोन) ३० मीटरची असल्याने ढिगाच्या उतारावरील पाच-सहा मीटर रुंदीच्या पायऱ्या तिच्यात उमटत नाहीत. म्हणून एप्रिल-मेमध्ये, गवत वाळलेले असताना, ड्रोनने सर्वेक्षण करून मीटरभर चौकटीचा नकाशा तयार करावा. पाण्याचा प्रवाह काढताना सॉफ्टवेअर ‘खड्डे बुजवा’ असे सुचवते. तो पर्याय डोळे झाकून स्वीकारला, तर पाण्याने भरलेला खाणीचा खड्डाच सपाट होतो आणि प्रत्यक्षात तिथे अडणारा गाळ नकाशावर थेट व्हाळात (ओढ्यात) पोचतो.

पावसाच्या घटकासाठी केवळ वार्षिक बेरीज पुरेशी नाही. तीन हजार मिलिमीटर पाऊस रिपरिप पडला काय आणि कोसळला काय, धुपीत मोठे अंतर पडते. म्हणून स्वयंचलित पर्जन्यमापकाची अर्ध्या तासाची कमाल तीव्रता मिळाल्यास तीच घ्यावी. धूपक्षमता व धूपशीलता एकाच मापनपद्धतीत आहेत ना, हेही पाहावे, कारण या गल्लतीने उत्तर सुमारे दहापट चुकू शकते.

आच्छादनाबाबत कोकणात हमखास फसगत होते. ऑक्टोबरच्या उपग्रहचित्रात ढीग हिरवागार दिसतो, परंतु मृगाच्या पहिल्या सरी पडतात तेव्हा गवत वाळून गेलेले असते. त्यामुळे जूनसाठी वेगळे मूल्य द्यावे. ऑस्ट्रेलियन बाभळीच्या लागवडीत शेंड्याच्या हिरवळीवर न विसंबता जमिनीवरचा पालापाचोळा मोजावा. उंच फांदीवरून गळणारा थेंब पुन्हा वेग घेतो.

आलेले उत्तर जमिनीवर पडताळावे. उतारावर लोखंडी खुंट्या ठोकून पावसाळ्यापूर्वी व नंतर त्यांची उघडी लांबी मोजावी. एक मिलिमीटर थर गेला, तर हेक्टरी दहा घनमीटर माती गेली; घनमीटरला १.४ टन धरल्यास ती १४ टन होते.

मात्र ‘रसल’ पातळ थर आणि बारीक ओघळींचाच हिशेब करते, घळींचा नाही. पायरीची कड फुटून कंबरभर घळ पडली असेल, तर वर्षानुवर्षे बदलणारे भूरूप दाखवणारे सायबेरिया किंवा सीझर-लिसफ्लडसारखे प्रतिमान वापरावे. त्यांना चालवायला वेळ व माहिती दोन्ही जास्त लागतात, तेव्हा आधी घळीची रुंदी-खोली टेपने मोजून ठेवावी.