विज्ञानाचा पेपर ‘नव्या पॅटर्न’चा करताय? आधी या चुका टाळा

नवीन अभ्यासक्रमाची बातमी आली की पहिला फोन ठरलेला असतो, “सर, क्षमताधिष्ठित प्रश्नांची पीडीएफ आहे का, उद्या वर पाठवायचीये.” नाहीये. (क्षमताधिष्ठित म्हणजे पाठांतर नाही, शिकलेलं वापरता येतं का ते तपासणारे प्रश्न.) आणि असती तरी दिली नसती, कारण ती पीडीएफ ग्रुपवर फिरते, थोड्या दिवसांनी तीच गाईडमध्ये छापून येते आणि मग मुलं क्षमताधिष्ठित प्रश्नाचं उत्तरसुद्धा पाठ करून येतात. हो, येतात, तपासलेत मी असे पेपर, पूर्णविरामासकट सारखे.

आपण आत्ता कुठे आहोत ते पटकन सांगतो, कारण अर्धे घोळ इथूनच सुरू होतात. 2017 ला प्राथमिक स्तरासाठी देशपातळीवर अध्ययन निष्पत्ती, म्हणजे त्या इयत्तेत मुलाला काय यायला हवं ते, ठरल्या, त्याच बालभारतीच्या पुस्तकात सुरुवातीच्या पानांवर छापलेल्या असतात, ते 08.72 वगैरे नंबर दिसतात ना, 08 म्हणजे इयत्ता आणि 72 म्हणजे सामान्य विज्ञान, ते. मग 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, मग 2024 चा राज्य अभ्यासक्रम आराखडा, आणि 16 एप्रिल 2025 च्या शासन निर्णयात नवा अभ्यासक्रम कोणत्या इयत्तेला कधी, त्याचं वेळापत्रक: 2025-26 ला पहिली, 2026-27 ला दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावी, 2027-28 ला पाचवी, सातवी, नववी, अकरावी, आणि 2028-29 ला आठवी, दहावी, बारावी. शिवाय 2023 च्या निर्णयाने पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा परत आली, नापास झालं तर पुनर्परीक्षा. आणि आधी जे नॅस, म्हणजे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण, होतं त्या जागी 4 डिसेंबर 2024 ला ‘परख’ या राष्ट्रीय मूल्यमापन केंद्राचं सर्वेक्षण झालं, तिसरी, सहावी आणि नववीला. म्हणजे मोजणारे चार, प्रत्येकाची पट्टी वेगळी, आणि विज्ञानाचा मास्तर मधे उभा.

राजूला बाजारात पाठवणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलणार. कुणीतरी प्रशिक्षणात सांगतं की प्रश्न ‘दैनंदिन जीवनाशी जोडलेला’ हवा. झालं, दुसऱ्या दिवशी सगळे प्रश्न राजूचे. राजू आईबरोबर आठवडी बाजारात गेला, आईने मेथी घेतली, टोमॅटो घेतले, लिंबं घेतली, राजूला लिंबू फार आवडतं, तर लिंबात कोणतं आम्ल असतं? आता मला सांगा, राजू, आई, मेथी आणि बाजार सगळं खोडलं तर उत्तर बदलतं का? नाही बदलत. सायट्रिक आम्ल तेव्हाही होतं, आत्ताही आहे. प्रश्न पाठांतराचाच राहिला, फक्त वाचायला सहा ओळी वाढल्या, आणि ज्या पोराचं वाचन कच्चं आहे त्याचा विज्ञानाचा मार्क भाषेमुळे गेला.

माझी सवय सांगतो, पद्धत वगैरे काही नाही. प्रश्न लिहून झाला की पेन्सिलने गोष्ट खोडतो. उरलेल्या ओळीचं उत्तर पुस्तकाच्या एखाद्या पानावर जसंच्या तसं सापडलं की प्रश्न कचऱ्यात. उत्तर काढायला खोडलेली माहिती परत लागली तरच ठेवतो.

एक उदाहरण देतो म्हणजे फरक कळेल. आठवीला आम्ल-आम्लारी आहे. नेहमीचा प्रश्न काय असतो, ‘दर्शक म्हणजे काय? दोन उदाहरणे द्या.’ त्याऐवजी असं द्या: एका मुलीने हळदीच्या कागदावर तीन द्रावणांचे थेंब टाकले. साबणाच्या पाण्याने कागद लालसर झाला, लिंबूरसाने पिवळाच राहिला, मिठाच्या पाण्यानेही पिवळाच राहिला. तिने वहीत लिहिलं, “लिंबूरस आम्ल आहे हे हळदीने सिद्ध झालं.” तिचं म्हणणं पटतं का? कारण लिहा. आणखी कोणती एक चाचणी कराल?

इथे पाठ केलेलं उपयोगी पडत नाही. हळद आम्लारीत लाल होते हे माहीत असून भागत नाही, आम्लात आणि उदासीन द्रावणात ती पिवळीच राहते त्यामुळे त्या दोघांत हळद फरक सांगूच शकत नाही हे मुलाला स्वतः जोडावं लागतं, मग निळा लिटमस घेऊन बघू असं सुचतं. लिंबू आम्ल आहे हे त्याला माहीत असतंच, तिथेच गंमत आहे, निष्कर्ष खरा आहे पण पुरावा त्याचा नाही. ज्या वर्गात हळदीचा कागद खरंच केलाय ती मुलं हे पटकन लिहितात, ज्या वर्गात फक्त फळ्यावर झालंय तिथे हुशार मुलंसुद्धा “होय, पटते, कारण लिंबात सायट्रिक आम्ल असते” लिहून मोकळी होतात. आणि खर्च किती, एक चमचा हळद आणि टीपकागद.

यावर हमखास येणारी तक्रार, “सर, असे प्रश्न काढायला वेळ लागतो.” लागतो. एका संध्याकाळी चाळीस मार्कांचा पेपर हवा असेल तर जुनाच काढा, निदान प्रामाणिक तरी राहील.

नंबर नंतर चिकटवणं

आधी सगळा पेपर काढायचा आणि मग शेवटच्या तासात समोर अध्ययन निष्पत्तीचे नंबर भरत बसायचं, हे इतकं सर्रास चालतं की आता कुणाला त्यात वावगं वाटत नाही. संविधान तक्ता, म्हणजे पेपरच्या गुणविभागणीचा आराखडा, पेपरच्या आधी करतात हो. कोणत्या निष्पत्तीला किती गुण, त्यात आठवण किती आणि उपयोजन किती, हे आधी ठरवा. नंतर भरलेल्या तक्त्यात सगळं नेहमी जुळतंच.

छापायच्या आधी कुणालाच न दाखवणं

एका जिल्ह्यातली गोष्ट, नाव घेत नाही. आठवीची सगळ्या शाळांना एकच चाचणी द्यायची ठरली, प्राश्निकांची कार्यशाळा झाली, जेवण छान होतं, पेपरही दिसायला देखणा झाला. त्यात चित्रावरचा एक प्रश्न होता: जास्वंदीच्या अर्काचे थेंब घातलेल्या तीन परीक्षानळ्या, एक गुलाबी, एक हिरवी, एक जांभळट, आणि आम्लारी कोणत्या नळीत आहे ते ओळखा. लॅपटॉपवर झकास दिसत होता. नियामकांनी, म्हणजे पेपर तपासून मंजूर करणाऱ्यांनी, लॅपटॉपवरच पाहिला, वरच्या साहेबांनी मोबाईलवर पाहिला, सगळ्यांनी अंगठे टाकले.

पीडीएफ आदल्या संध्याकाळी ग्रुपवर गेली आणि प्रत्येक शाळेने आपल्या गावातल्या झेरॉक्सवाल्याकडून प्रती काढल्या. काळ्यापांढऱ्या. तिन्ही नळ्या करड्या. पेपर सुरू होऊन पंधरा-वीस मिनिटं होतात न होतात तोच केंद्रप्रमुखांचे फोन सुरू, मुलं विचारतायत सर हिरवी कुठली. एका शाळेत सरांनी फळ्यावर रंगीत खडूने नळ्या काढून दिल्या, दुसरीकडे बाईंनी सरळ उत्तरच सांगून टाकलं, तिसरीकडे कुणी काही बोललंच नाही. दुपारी निरोप आला, त्या प्रश्नाचे गुण सरसकट सगळ्यांना द्या.

इथवर ठीक होतं, चुका होतात. पुढचं ऐका. गुण सरसकट दिले ते तसेच एक्सेलमध्ये भरले गेले, एक्सेलने तक्ता काढला, आणि तक्त्यात आम्ल-आम्लारीची निष्पत्ती जिल्हाभर शंभर टक्के साध्य. त्या तक्त्यावरून उपचारात्मक अध्यापनाची, म्हणजे कच्चं राहिलेलं परत शिकवायची, यादी झाली, आणि तो धडा यादीतून गळला. बाद झालेला प्रश्न विश्लेषणातूनही बाद करायचा असतो, एवढं साधं कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि ज्यांच्या आलं ते बैठकीत बोलले नाहीत.

म्हणून, पेपर आधी शाळेच्या सगळ्यात वाईट मशीनवर छापून बघा. आकृतीत रंगावर काही अवलंबून ठेवू नका, नळीखाली ‘हिरवा’ असं लिहिलं तर आभाळ कोसळत नाही. मग प्रश्न बाहेर फुटणार नाहीत अशा बेताने, दुसऱ्या शाळेतल्या चार-पाच मुलांना सोडवायला द्या. हुशार दोन नको, मागच्या बाकावरची पण हवीत. मी मुलाला प्रश्न मोठ्याने वाचायला लावतो आणि तो काय विचार करतोय ते बोलत बोलत सोडवायला सांगतो, आणि स्वतः गप्प बसतो. हे गप्प बसणं शिक्षकाला फार जड जातं. पण मूल कुठे अडखळलं, आकृतीत त्याला भलतंच काय दिसलं, हे तिथेच कळतं, आणि बऱ्याचदा चूक मुलाची नसतेच, आपल्या वाक्याची असते. अजून एक खूण, एरवी चांगली मुलं चुकतायत आणि बाकीची बरोबर येतायत असा प्रश्न निघाला तर आधी उत्तरसूची तपासा.

बारीकसारीक, पण रोजच्या

‘वरीलपैकी सर्व’ हा पर्याय टाकू नका, मुलांना माहितीये की तो असला की तोच बरोबर असतो.

बरोबर पर्याय सगळ्यात लांब लिहू नका. आपण काळजीने तो नीट लिहितो आणि बाकीचे तीन उरकतो.

‘पुढीलपैकी कोणते चूक नाही’ असले प्रश्न कोर्टात विचारा.

चुकीचे पर्याय हवेतून आणू नका, जुन्या उत्तरपत्रिकांतून घ्या. मुलं खरोखर ज्या चुका करतात, उदाहरणार्थ विद्युतप्रवाह बल्बमध्ये ‘खर्च होतो’ असं समजणं, तोच खरा पर्याय.

जुनी प्रश्नपेढी आंधळेपणाने उचलू नका. प्लूटो 2006 ला ग्रहांच्या यादीतून गेला, काही पेपरात तो अजून आहे.

मराठी माध्यम आणि सेमीचे पेपर एकाच माणसाने शेजारी ठेवून वाचा.

पट्टी बदलली आणि उंची मोजली

दहावीचे निकाल आठवा. 2018 ला 89.41 टक्के, 2019 ला 77.10, आणि 2020 ला 95.30. पोरं एका वर्षात बिघडली आणि पुढच्या वर्षी सुधारली असं झालं का? 2019 ला पुस्तकं नवी होती आणि भाषा-सामाजिकशास्त्रांचे अंतर्गत गुण काढले होते, पुढच्या वर्षी ते परत आले, वर करोनामुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही. विज्ञानाचे 20 गुण प्रात्यक्षिकाला होते ते राहिले. तरीही 2019 च्या जूनमध्ये मुख्याध्यापकांनी विज्ञानाच्या शिक्षकालासुद्धा “निकाल का घसरला” म्हणून विचारलेलं मला माहितीये.

आता हेच परत होणार. नव्या पेपरच्या पहिल्या वर्षाचा आकडा जुन्याशेजारी ठेवून आलेख काढू नका. तुलना हवीच असेल तर दोन्ही वर्षांच्या पेपरमध्ये थोडे प्रश्न तेच ठेवा, फुटू न देता, आणि फक्त त्यांचीच तुलना करा. आणि नॅस किंवा परखचा आकडा घेऊन एखाद्या शाळेच्या बाईंना झापू नका, ते निवडक शाळांतल्या निवडक मुलांचं सर्वेक्षण आहे, बाईंची परीक्षा नव्हे. सर्वेक्षणाच्या आधी महिनाभर ओएमआरचे गोल काळे करायचा सराव घेण्याबद्दल तर मी बोलणारच नाही, त्यात मुलं काय शिकतात तर गोल काळे करायला.

एक सल आहे. राज्याची पॅट, म्हणजे नियतकालिक मूल्यांकन चाचणी, भाषा, गणित आणि इंग्रजीची. विज्ञान त्यात नाही. त्यामुळे पॅट जवळ आली की विज्ञानाच्या तासिकेला गणित, आणि विचारलं तर “सर, तुमचं काय, तुमचा पेपर तर आपल्याच शाळेत निघतो.”

प्रात्यक्षिकाचे गुण वाटणं

वीसपैकी अठराच्या खाली कुणी नाही, हे सगळ्यांना माहितीये, पुढे चला. फक्त एवढंच म्हणतो, निष्पत्ती ‘प्रयोग करून निष्कर्ष काढतो’ अशी असेल तर ती चार पर्यायांत मोजता येत नाही, ती मोजायची एकमेव जागा ही वीस गुणांची आहे. जर्नलची अक्षरं बघून गुण देऊ नका. भिंग द्या, खिडकीची प्रतिमा कागदावर आणायला सांगा, नाभीय अंतर विचारा. हात बघा त्याचे, दोन मिनिटांत कळतं की भिंग आधी धरलंय की नाही.

मधल्या बॅचला विसरणं

वेळापत्रक परत वाचा. 2026-27 ला जो सहावीत बसेल तो पुढे सातवी आणि आठवी नव्याच पुस्तकातून करेल, त्याचं नीट आहे. पण 2027-28 ला नववीत नवं पुस्तक, आणि त्या वर्गातल्या मुलांनी आठवी केलेली असणार जुन्या पुस्तकातून. हीच मुलं 2029 ला नव्या अभ्यासक्रमाची पहिली दहावी देणार. नव्या नववीचं पुस्तक जे गृहीत धरेल त्यातलं काही त्यांनी बघितलेलंच नसेल, आणि काही गोष्टी दोनदा येतील.

यासाठी वरून सेतू अभ्यासक्रम, म्हणजे जुन्या-नव्यातली दरी भरणारा, येईल आणि नेहमीप्रमाणे ऑगस्टमध्ये येईल. त्याची वाट बघू नका. नवं पुस्तक हातात पडलं की प्रत्येक धड्याच्या पहिल्या पानावर ‘यासाठी आधी काय यायला हवं’ ते पेन्सिलने लिहा, जुन्या आठवीत ते कुठे होतं ते शोधा, आणि जून संपायच्या आत त्यावर दहा साधे प्रश्न तोंडी विचारा. गुण नकोत, एक्सेल नको, फोटो काढून ग्रुपवर टाकणं तर अजिबात नको. कुणाला बल आणि दाब यातला फरक सांगता येत नाही एवढं वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं तरी जुलैचं नियोजन होतं.