महापालिकेच्या मतदारयादीत आपले नाव योग्य वॉर्डात आहे का, हे कसे तपासावे

बेळगाव महापालिकेच्या मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर जे वाद होतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ यादी तयार झाली त्या दिवसांत असते. विधानसभेला बिनदिक्कत मतदान केलेला माणूस महापालिकेच्या केंद्रावर जातो, तेथे त्याचे नाव सापडत नाही, आणि यादीतून आपल्याला मुद्दाम वगळले असे समजून तो परत फिरतो. नाव बहुधा शेजारच्या वॉर्डाच्या यादीत पडलेले असते. शहरात ५८ वॉर्ड आहेत आणि चार लाखांहून अधिक मतदार आहेत. म्हणजे एका वॉर्डात सरासरी सात हजारांच्या आसपास. त्यांतले सगळे मतदानाला येत नाहीत, त्यामुळे एका गल्लीची नावे इकडची तिकडे झाली, तर नगरसेवक कोण होणार याचा हिशेबच बदलू शकतो. हा लेख एवढ्याच कामापुरता आहे. ओळखपत्र कसे काढावे हे येथे सांगत बसणार नाही.

प्रथम एक गोष्ट पक्की करावी. विधानसभेची आणि लोकसभेची यादी भारत निवडणूक आयोगाची असते, तर महापालिकेची निवडणूक कर्नाटक राज्य निवडणूक आयोग घेतो. वॉर्डाची यादी कोऱ्या कागदावरून तयार होत नाही; विधानसभेच्या यादीचे भाग घेऊन ते वॉर्डांच्या हद्दींप्रमाणे तोडले जातात आणि पुन्हा जुळवले जातात. यावरून दोन निष्कर्ष निघतात. विधानसभेच्या यादीत ज्याचे नाव नाही, त्याचे वॉर्डाच्या यादीत येणार नाही. आणि विधानसभेच्या यादीत नाव अचूक असले, तरी तोडताना ते चुकीच्या वॉर्डात जाऊ शकते.

आपली विधानसभेची नोंद शोधणे सोपे आहे. मतदार सेवा पोर्टलवर ओळखपत्राचा क्रमांक घालावा आणि मतदारसंघ, भाग क्रमांक व अनुक्रमांक वहीत उतरवून घ्यावेत. शहराचा मोठा भाग बेळगाव उत्तर (क्रमांक ११) आणि बेळगाव दक्षिण (क्रमांक १२) या मतदारसंघांत आहे. नावाने शोधू नये, कारण मराठी आडनावे कन्नडमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून पुन्हा कन्नडमध्ये जाता जाता चौगुल्यांचे चौगले होतात आणि शोध रिकामा येतो. कॅम्पातील रहिवाशांनी येथेच थांबावे. त्यांचा कारभार कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे आहे आणि महापालिकेच्या मतदानाशी त्यांचा संबंध येत नाही.

नाव मुळातच नसेल तर फॉर्म ६ भरावा. वयाची अट पूर्ण झाल्याचे धरण्यासाठी आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत, तेव्हा घरातील तरुणांनी पुढच्या वर्षाची वाट पाहू नये.

आता खरा अवघड टप्पा. मलाही याच टप्प्याने सर्वांत जास्त त्रास दिला. आपले घर नेमक्या कोणत्या वॉर्डात येते, हे ठरवायचे कसे? नगरसेवकाच्या फलकावरून ठरवू नये, पक्षाच्या कार्यकर्त्याने दिलेल्या चिठ्ठीवरून ठरवू नये, आणि जुन्या घरपट्टीच्या पावतीवरील वॉर्ड क्रमांकावरून तर मुळीच ठरवू नये, कारण वॉर्डांची पुनर्रचना झाली की जुना क्रमांक निरुपयोगी होतो. मोबाइलवर फिरणारे रंगीत नकाशे कोणी काढले हे कोणालाच ठाऊक नसते. विश्वास ठेवण्याजोगा कागद एकच आहे, तो म्हणजे वॉर्डरचनेची अधिसूचना. तीत प्रत्येक वॉर्डाची चतुःसीमा शब्दांत दिलेली असते आणि ती कन्नडमध्ये असते. कन्नड वाचता येत नसेल तर वाचता येणाऱ्या शेजाऱ्याला सोबत घ्यावे, परंतु घरी बसून अर्थ विचारू नये. त्या हद्दीवर प्रत्यक्ष उभे राहून एकेक ओळ मोठ्याने वाचून घ्यावी आणि तसे चालत जावे. हद्द रस्त्यावरून जात असेल तर एका बाजूची घरे एका वॉर्डात आणि समोरची दुसऱ्यात असतात. यादीतील गोंधळ बहुधा अशाच रस्त्यांवर होतो. हद्दीच्या वर्णनात एखादी जुनी इमारत किंवा नाला खूण म्हणून दिलेला असेल आणि आज तो जागेवर नसेल, तर त्या ठिकाणाची वेगळी टिपण करून ठेवावी, पुढे सुनावणीत ती लागते.

गोंधळाचे दुसरे कारण गल्ल्यांच्या नावांत आहे. पाटील गल्ली स्टेशनजवळच्या शनिमंदिराची आहे आणि वडगावातही आहे. मारुती गल्ली शहराच्या मध्यभागी आहे आणि अनगोळातही आहे. विधानसभेच्या यादीत पत्त्याच्या रकान्यात केवळ गल्लीचे नाव असेल, घर क्रमांक कोरा असेल, तर यादी तोडणाऱ्या कारकुनाने काय करावे? तो अंदाज बांधतो. त्यामुळे आक्षेप लिहिण्यापूर्वी चूक कोठे झाली हे शोधणे अनिवार्य आहे, आणि बहुतेक सल्लागार नेमके हेच सांगत नाहीत. ते सरसकट म्हणतात, फॉर्म ८ भरा. फॉर्म ८ हा विधानसभेच्या यादीतील दुरुस्तीसाठी आणि पत्ताबदलासाठी आहे. तुमचा पत्ता त्या यादीत घर क्रमांकासह बरोबर असेल आणि केवळ वॉर्ड चुकला असेल, तर फॉर्म ८ भरून काहीही साध्य होत नाही. अर्ज मंजूर झाल्याचा संदेश येतो, माणूस निर्धास्त होतो, आणि वॉर्डाच्या प्रारूप यादीवर आक्षेप घेण्याची मुदत त्या समाधानात निघून जाते. उलट मूळ पत्ताच अर्धवट असेल, तर वॉर्डाच्या यादीवरील आक्षेपाने या वेळी काम होईल, पण पुढच्या निवडणुकीत तीच चूक पुन्हा उगवेल; अशा वेळी आक्षेप आणि फॉर्म ८ हे दोन्ही करावे लागतात, आणि आक्षेप आधी.

प्रारूप यादी प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी मोजकेच दिवस मिळतात, म्हणून वरचे सगळे काम त्याआधीच झालेले असावे. यादीत आपले नाव पाहून थांबू नये. डाव्या, उजव्या आणि समोरच्या घरांतील नावे कोणत्या वॉर्डात पडली आहेत तेही पाहावे. माझ्या मते सर्वांत बळकट पुरावा हाच असतो. दोन्ही बाजूंची घरे एका वॉर्डात आणि मधले घर दुसऱ्यात, हे अधिकाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. त्याच्या जोडीला घरपट्टीची पावती आणि हेस्कॉमचे वीजबिल जोडावे.

आक्षेप जाहीर सूचनेत दिलेल्या नमुन्यातच लिहावा आणि प्रत्येक मतदाराचा स्वतंत्र असावा. गल्लीतील मंडळाने एका निवेदनावर सगळ्यांच्या सह्या घेऊन, फोटो काढून ते साहेबांच्या हाती देण्याची आपल्याकडे मोठी हौस आहे. निवेदन फायलीत जाते. आक्षेपाला नोंदणी क्रमांक मिळतो, आणि सुनावणी त्या क्रमांकाची होते. मंडळाला मदत करायचीच असेल तर भाग क्रमांक, अनुक्रमांक, नाव, घर क्रमांक, छापलेला वॉर्ड आणि योग्य वॉर्ड असा तक्ता करून तो प्रत्येक अर्जामागे लावावा. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. एका कार्यालयात मला "नाव बघून ठेवतो, पोच कशाला" असे अगदी प्रेमाने सांगण्यात आले होते. अशा प्रेमाचा यादीवर काहीही परिणाम होत नाही. अर्ज कन्नडमध्ये लिहून घ्यावा, असे मी स्पष्टपणे सांगतो. मराठीत कागदपत्रे मिळण्याच्या हक्कासाठी जरूर भांडावे, पण ते भांडण हरकतीच्या मुदतीत, त्याच खिडकीवर उभे राहून करू नये.

एक अप्रिय मुद्दा राहिला. खानापूर किंवा चंदगडकडील गावात नाव आणि शहरातही नाव, अशी घरे आपल्याकडे कमी नाहीत. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० च्या कलम १७ आणि १८ नुसार अशी दुहेरी नोंद चालत नाही, आणि नोंदणीसाठी खोटे प्रतिज्ञापन केल्यास कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ज्याची स्वतःची नोंद दोन ठिकाणी आहे, त्याने इतरांच्या नावांवर आक्षेप घेण्याआधी आपले एक नाव काढून टाकावे.

हे काम केव्हा सुरू करावे, असे विचारले जाते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३यू प्रमाणे सभागृहाची पाच वर्षे पहिल्या बैठकीच्या तारखेपासून मोजतात. येथे मतदान सप्टेंबर २०२१ मध्ये झाले, पण महापौरांची निवड झाली ती पहिली बैठक फेब्रुवारी २०२३ मध्ये भरली. त्यामुळे २०२१ पासून बोटे मोजणाऱ्यांचा हिशेब चुकतो. त्याआधीच्या सभागृहाची मुदत २०१९ मध्ये संपूनही निवडणूक २०२१ पर्यंत लांबली होती, म्हणून अपेक्षित तारखेवरही विसंबू नये. विधानसभेच्या यादीतील पत्ता आजच दुरुस्त करून घ्यावा आणि प्रारूप यादीच्या सूचनेवर लक्ष ठेवावे.

अंतिम यादी लागली की वॉर्ड, केंद्र आणि अनुक्रमांक पुन्हा उतरवून घ्यावेत. महापालिकेचे केंद्र विधानसभेच्या केंद्राहून वेगळे असू शकते आणि अनुक्रमांक तर जवळजवळ नेहमीच बदललेला असतो.