वडगावच्या खोलीत ब्लॅक आर्कचा डब: चार ट्रॅकवर कसा जमवायचा

डब म्हणजे रेगे गाण्यातली वाद्यं आणि आवाज काढत-घालत, मधेच एको देत केलेलं मिक्स. तो रेकॉर्ड करायला येणारी पोरं पहिल्यांदा हेच विचारतात, "दादा, ट्रॅक किती मिळतील?" ट्रॅक म्हणजे एकेक आवाज वेगळा रेकॉर्ड करायची पट्टी. मी चार म्हटलं की तोंडं पडतात. जमैकाच्या ली 'स्क्रॅच' पेरी या रेगे निर्मात्यानं किंग्स्टनला, वॉशिंग्टन गार्डन्समधल्या घराच्या मागं, १९७३ साली ब्लॅक आर्क स्टुडिओ बांधला तो चार ट्रॅकच्या टीॲक टेप मशीनवर. ज्युनिअर मर्व्हिनचं 'पोलिस अँड थीव्ज' हे गाणं १९७६ ला तिथंच झालं, आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या द क्लॅश या बँडनं ते पंक करून वाजवलं. तेव्हा चार पुरतात.

आधी खिडकीत माइक ठेवा. आमच्या वडगावात भिंतीपलीकडं पॉवरलूम चालतोच. तो बंद करा म्हणून शेजाऱ्याशी भांडण्यापेक्षा पहिल्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. पेरीनं द काँगोज या गायकांच्या रेकॉर्डमध्ये गाईच्या हंबरण्यासारखा आवाज ठेवलाय, मग मागानं काय घोडं मारलंय? मागाची लय मोजा आणि गाणं त्याच लयीला बांधा. माग तुमच्यासाठी थांबणार नाही.

दुसऱ्या ट्रॅकवर हलगी. शेकून घ्या, पावसाळ्यात तर दर टेकला शेकावी लागते, नाहीतर कातडं सैल पडून आवाज बसतो. माइक हातभर लांब, जरा तिरपा. तिसऱ्यावर ढोलकी. आता हे तिन्ही चौथ्या ट्रॅकवर एकत्र उतरवा आणि मूळ तिन्ही उडवा. पेरी असाच उतरवून पुढच्या वाद्यांना जागा करायचा. दर उतरवणीला टेपवरचा चकचकीत आवाज थोडा मरायचा, सूं वाढायची, सगळं एकमेकांत मुरायचं. ब्लॅक आर्कचा दाटपणा बराचसा यातलाच. कॉम्प्युटरवर आपोआप काही मरत नाही, म्हणून मुद्दाम १० किलोहर्ट्झच्या वरचा आवाज हळूहळू कमी करा. मूळ फाइली उडवायला जीव होत नसेल तर पेनड्राइव्हवर घालून मेव्हण्याकडं द्या. तो लवकर परत देत नाही, आपल्याला तेच पाहिजे.

मोकळ्या तीन ट्रॅकवर बास, पेटी, आवाज. पेटी भजनासारखी धरून ठेवायची नाही; दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला तुटक सूर, एवढंच.

मग एको. पेरीकडं रोलँड कंपनीचं स्पेस एको हे मशीन होतं. तुम्हाला फुकटचं प्लगइन चालेल. लय मिनिटाला ८० मात्रा आली असं समजा. मिनिटाच्या ६०,००० मिलिसेकंदांना ८० नं भागलं की ७५० मिलिसेकंद, ही एक मात्रा. पेटीला पाऊण मात्रा, म्हणजे ५६२ लावा. सूर परत येताना ठोक्यावर पडत नाही, ठोक्याच्या जरा आधी पडतो आणि ताल डुलायला लागतो. फीडबॅक, म्हणजे एको परत एकोत किती शिरतो ते, ४० टक्क्यांच्या आत. एकोमधलं ३०० हर्ट्झच्या खालचं कापा, नाहीतर बासचा चिखल होतो.

एको सगळ्या गाण्यावर ओतू नका. एकच सूर किंवा गाण्यातला एकच शब्द निवडा, तेवढ्यापुरता सेंड, म्हणजे एकोकडं आवाज पाठवायचं बटण, उघडा, लगेच मिटा. हे माउसनं नंतर रंगवत बसायचं काम नाही. गाणं चालू असताना, बोटं फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीवर. बास, पेटी, आवाज मध्येच काढा, नुसता माग, हलगी आणि ढोलकी राहू दे, पण चार मात्रांत परत आणा. आठ मात्रा ताणलं की समोर बसलेला मंडळाचा अध्यक्ष विचारतोच, "करंट गेला काय हो?"