चामड्याच्या बेल्टला घरी रंग देताना: रंग बेल्टवरच राहावा म्हणून

बेल्टला रंगाचा एक हात द्यायला दहा मिनिटं पुरतात. पण तो रंग घामाने नाहीतर पावसाने सुटून पँटवर उतरू नये यासाठी पुढचे तीन-चार दिवस द्यावे लागतात, आणि घाईत आपण नेमके तेच दिवस कापतो. मी माझ्या मेव्हण्याला हाताने केलेला काळा बेल्ट दिला होता, रात्री रंगवला, सकाळी पॉलिश मारून पॅक केला, त्याने तो लग्नात क्रीम कलरच्या पँटवर घातला आणि जून महिना, हॉलमध्ये गर्मी, संध्याकाळपर्यंत कमरेभोवती काळी रेघ. ती पँट परत कधी स्वच्छ झाली नाही आणि मला आजही त्याचं वाईट वाटतं. म्हणून इथे रंग लावण्यापेक्षा रंग काढण्यावर जास्त लिहिलंय, म्हणजे जो रंग चामड्याने धरलेला नाही तो पुसून काढण्यावर.

आधी चामडं बघा. हे सगळं व्हेज टॅन चामड्यासाठी आहे, म्हणजे झाडांच्या साली-फळांनी कमावलेलं, कोल्हापुरी चपलेला जे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं लागतं तेच कूळ. धारावीत किंवा ऑनलाइन जे मऊ रंगीत चामडं भरपूर मिळतं ते बहुतेक क्रोम टॅन असतं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं, बॅगेला छान, पण त्याला घरी रंग नीट बसत नाही, कडा घासून चकाकत नाहीत आणि दाबून आकारही धरत नाही. दुकानात ओळखायचं सोपं आहे, कापलेली कड बघा, आतून निळसर-राखाडी दिसली तर क्रोम, आतपर्यंत पिवळट-तपकिरी असेल तर बहुतेक व्हेज टॅन. वरच्या बाजूला पाण्याचा एक थेंब टाका, कोरं व्हेज टॅन तो हळूहळू पिऊन घेतं आणि तिथे गडद होतं. थेंब तसाच मोत्यासारखा बसून राहिला तर वर आधीच काहीतरी फिनिश, म्हणजे वरचा संरक्षक थर, मारलेलं आहे, तुमचा रंगही तसाच वर बसून राहणार. बेल्टसाठी जाडी साडेतीन ते चार मिलिमीटर घ्या, रुंदी जीन्सला ३८ मिमी, ऑफिसच्या पँटला ३० ते ३२ पुरते.

पट्टी कापून झाली, भोकं पाडून झाली, कडांचे कोपरे बेव्हलरने (कोपरे तासायच्या छोट्या हत्याराने) उतरवून झाले की मगच रंग. उलटं केलं तर प्रत्येक भोकात आणि कडेला कोरं चामडं पांढरं डोकावतं. कडा आत्ताच काचपेपरने घासून घ्या, आधी २२० नंबर, मग ४००, जमलं तर ६००. आणि एक गोष्ट, चिकटवायचं सोल्युशन वरच्या बाजूला कुठे लागलं असेल तर ते रबराने घासून काढा, कारण सोल्युशनच्या खाली रंग शिरत नाही आणि रंगवल्यावर तो डाग लख्ख दिसतो, तेव्हा काही करता येत नाही. बोटांच्या तेलाचंही तसंच आहे. पूर्ण पट्टी एकदा सुती कापडावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा आणि मग हाताने धरू नका, ग्लोव्हज घाला, कारण हा रंग हातावरून आठवडाभर जात नाही.

रंग दोन प्रकारचे, स्पिरिटवाले आणि पाण्याचे. स्पिरिटवाला खोल जातो, पटकन वाळतो आणि पटकन वाळतो म्हणूनच त्यात पट्टे पडतात. पाण्याचा सौम्य, वास नाही, घरात लहान मुलं असतील तर तोच बरा, पण पाण्याने सुटण्याची भीती जास्त म्हणून वरचं फिनिश चांगलं लागतं. मी स्पिरिटवाला वापरतो, गॅलरीत बसून, आणि देवघरात समई किंवा किचनमध्ये गॅस चालू असताना बाटली उघडत नाही, ती वाफ पेट घेते.

आता खरी युक्ती, रंग पातळ करा. बाटलीतला रंग सरळ लावला की पहिला हात जिथे टेकतो तिथे गडद डाग पडतो आणि मग तो लपवायला आपण सगळीकडेच जास्त रंग ओततो, आणि तोच जास्तीचा रंग नंतर पँटवर येतो. एक भाग रंग, एक भाग त्याच कंपनीचा थिनर किंवा स्पिरिट, एवढं पातळ करून तीन हात द्या. लावायला जुन्या बनियनचा तुकडा घडी करून घ्या किंवा लोकरीचा बोळा, तो भिजवून आधी कागदावर टिपून घ्यायचा म्हणजे थेंब गळत नाही. पहिला हात लांबीच्या दिशेने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता, दुसरा छोट्या छोट्या गोलात, तिसरा परत लांबीत. मध्ये फोन आला तरी उचलू नका, अर्ध्यात थांबलात की तिथे आडवी रेघ कायमची. दोन हातांमध्ये अर्धा तास ठेवा. पाण्याचा रंग असेल तर पट्टी आधी ओल्या स्पंजने हलकी दमट करून घ्यायची, त्याने रंग सारखा पसरतो. आणि पोट-मानेकडच्या भागापेक्षा पाठीकडचं चामडं घट्ट असतं, पोटाकडचं रंग जास्त पितं, म्हणून एकाच पट्टीचे दोन टोकं वेगळ्या शेडची झाली तर घाबरू नका, फिकट टोकाला एक हात जास्त द्या. त्याच चामड्याच्या कातरणावर आधी करून बघा, ओला रंग आणि वाळल्यावरचा रंग यात खूप फरक असतो, तेल लावल्यावर अजून बदलतो.

मागची बाजू मी रंगवत नाही. ती सतत शर्टाला आणि पँटला घासते, तिथे रंग असण्याचा फायदा कोणालाच नाही. त्याऐवजी किराणा दुकानात मिळणारा गोंद कतीरा रात्रभर पाण्यात भिजवायचा, सकाळी जी जेली होते ती पाणी घालून सैल करून मागच्या बाजूला चोळायची आणि काचेच्या बाटलीने दाबून घासायची, सगळे तंतू बसतात आणि हात फिरवला की गुळगुळीत लागतं.

रंग लावून झाला की पट्टी पंख्याखाली टांगा, उन्हात नको. चोवीस तास, आणि पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत असाल तर अठ्ठेचाळीस. मग घासायला बसायचं. कोरडं सुती फडकं घ्या आणि जोर लावून पट्टी घासा, पहिल्या फडक्यावर बराच रंग येईल, येऊ द्या, रंगाची जी पूड चामड्याने पोटात घेतली नाही ती ही आहे. फडकं बदला, परत घासा. पांढऱ्या कापडाला रंग लागायचा जवळजवळ थांबेपर्यंत हेच करायचं. काळ्या रंगाला मला चार-पाच फडकी लागतात, टॅन म्हणजे फिकट तपकिरी रंगाला एक-दोन. काळा सगळ्यात जास्त सुटतो, म्हणून काळा बेल्ट हवा असेल तर आधी गडद निळ्याचा किंवा गडद ब्राऊनचा एक हात द्या आणि वर काळ्याचे पातळ हात, कमी काळ्यात दाट काळा दिसतो.

काळ्यासाठी याहून चांगला मार्ग पण आहे आणि मला तोच मनापासून आवडतो, कारण त्यात रंग वरून लावायचाच नसतो. व्हेज टॅन चामड्यात टॅनिन, म्हणजे साली-फळांतलं तुरट द्रव्य, असतं, त्याला लोखंड भेटलं की काळं पडतं. कलमकारीतला काळा रंग लोखंड आणि गूळ आंबवून करतात आणि तो हिरड्यात बुडवलेल्या कापडावर चढतो, त्यामागे हीच गोष्ट. घरी करायचं तर अर्धा लिटर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये मूठभर गंजणारे लोखंडी खिळे किंवा साधी स्टीलवूल (लोखंडाच्या बारीक तारांचा लोकरीसारखा बोळा) टाका, भांडी घासायची न गंजणारी तार चालत नाही. स्टीलवूलवर तेल असतं ते आधी साबणाने धुवा. झाकण घट्ट लावू नका, आत गॅस होतो, बरणी फुटेल. दोन आठवड्यांनी कापडातून गाळून घ्या. चामड्याला आधी हिरड्याची पूड उकळून गाळलेलं पाणी किंवा कडक कोरा चहा लावा, वाळू द्या, मग हे लोखंडी पाणी. आधी राखाडी होतं, मग जांभळट, आणि डोळ्यांदेखत काळं. अर्ध्या तासाने एक लिटर पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून त्या पाण्याने पट्टी पुसून घ्या म्हणजे आंबटपणा मरतो, मग साध्या पाण्याने, आणि दमट असतानाच तेलाचा हलका हात. सोडा विसरलात तर पुढे चामडं कोरडं होऊन तडकू शकतं. हा काळा चामड्याच्या तंतूंमध्येच तयार झालेला असतो त्यामुळे कपड्यावर फार कमी येतो.

तेलाचं लोकांना कळत नाही, जास्त लावतात. रंगाने, खासकरून स्पिरिटच्या, चामडं कोरडं पडतं म्हणून तेल लागतं, पण बेल्टला एक पातळ हात बास, तेल पाजलेला बेल्ट लोळागोळा होतो आणि भोकं लांबट होत जातात. बाहेर नीट्सफूट ऑइल वापरतात, ते जनावरांच्या पायाच्या हाडांपासून काढतात, ज्यांना ते नको त्यांनी एरंडेल घ्यावं, दाट असतं म्हणून बाटली गरम पाण्यात ठेवून सैल करून लावा. खोबरेल लावू नका, साधारण २४ अंशांच्या खाली ते गोठतं आणि थंडीत बेल्टवर पांढरट थर दिसतो. जवसाचं तेल तर अजिबात नको, ते वाळून कडक होतं. तेलानंतर एक रात्र ठेवा, मग परत फडक्याने घासा, थोडा रंग परत निघेल.

कडा आता. कानातल्या काडीने कडेला रंग लावा, कड जास्त पिते म्हणून पातळ रंगच, मग तीच गोंद कतीऱ्याची जेली बोटाने लावून लाकडाने घासा. खास बर्निशर, म्हणजे कडा घासायचं खाचेचं लाकूड, घ्यायची गरज नाही, दांडियाची जुनी टिपरी असेल तर तिला कानशीने बेल्टच्या जाडीची खाच पाडा, माझ्याकडे तीच आहे. जोरात आणि भरभर घासायचं, कड गरम झाली की चकाकायला लागते, आणि शेवटी मधमाशीचं मेण फिरवून कापडाने घासायचं.

सगळ्यात शेवटी फिनिश. रोजच्या बेल्टला ॲक्रिलिक फिनिश अर्धं पाणी घालून दोन पातळ हात, स्पंजने, एकदाच फिरवून सोडायचं, परत परत घासलं तर फेस येतो आणि खालचा रंग ओढला जातो. जाड थर दिला तर वाकवल्यावर भोकांपाशी बारीक चिरा पडतात. लाखेचं पॉलिश फर्निचरसाठी ठीक आहे, बेल्टला नाही, त्याच कारणाने. मेणाचं फिनिश दिसायला सगळ्यात सुंदर, पण पावसात आणि घामात ॲक्रिलिकच टिकतं, माझं मत विचाराल तर खाली ॲक्रिलिक, वर मेणाचं पॉलिश. मग अजून एक दिवस ठेवा आणि ओलं पांढरं फडकं दाबून घासून बघा. फडकं पांढरं राहिलं तरच बक्कल लावा.

बेल्ट झाला, आता त्याच चामड्याचं होल्स्टर, म्हणजे कमरेला अडकवायचं हत्याराचं म्यान. नाशिककडच्या माझ्या मामांना मी द्राक्षाच्या छाटणीच्या कात्रीचं होल्स्टर करून दिलंय, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, दोन्ही वेळा ते कमरेला दिवसभर असतं, त्यावरून जे शिकलो ते सांगतो. यात आकार आधी, रंग नंतर. शिवून झालेलं होल्स्टर कोमट पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत बुडवा, बाहेर काढून वीस-पंचवीस मिनिटं ठेवा, मग कात्री आत घालून चमच्याच्या पाठीने कडेकडेने दाबत जा. कात्री प्लॅस्टिकमध्ये दोनदा गुंडाळलेली हवीच, नाहीतर ओलं चामडं आणि लोखंड, वर लिहिलेला काळा रंग तुम्हाला नको तिथे मिळेल. असा डाग पडलाच तर ताजा असताना लिंबाच्या रसाने बराच निघतो, मग पाण्याने पुसा. वाळवायला ड्रायर किंवा ऊन नको, ओलं चामडं जास्त तापलं की आकसतं. दोरा रंगायला नको असेल तर तुकडे आधी रंगवून मग शिवावेत, पण मग भिजवताना रंग थोडा सुटतो, म्हणून मी टॅन रंग ठेवला आणि दोऱ्यासकट रंगवलं, दोरा गडद झाला तर काय बिघडतं.

होल्स्टरला तेल जवळजवळ नको, तेलाने ते मऊ पडतं आणि कात्रीवरची पकड जाते. आतल्या बाजूला फक्त मेण. पात्याच्या बाजूला शिलाईत चामड्याची एक जादा पट्टी घाला म्हणजे पातं दोऱ्याला लागत नाही, आणि तळाला एक भोक ठेवा, चीक आणि माती तिथून पडते. मोरचूद-चुन्याची फवारणी झालेल्या बागेत वापरलं तर संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसायचं, पितळेचे रिव्हेट असतील तर त्यांच्याभोवती हिरवा चिकट थर येतो तो पण तेव्हाच टोकरून काढायचा. आणि सीझन संपला की कात्री बाहेर काढून ठेवायची, चामडं हवेतलं पाणी धरून ठेवतं आणि आत राहिलेलं पातं गंजतं. होल्स्टर पिशवीत बांधून ठेवू नका, बुरशी येते, खुंटीला टांगा. आलीच बुरशी तर कोरड्या ब्रशने घराबाहेर झटकून अल्कोहोलच्या फडक्याने पुसा, वाळू द्या, आणि मेणाचा एक हात परत.